उपाशी खिळा

लालबागमध्ये लोखंड गंजवायला प्रयत्न करावे लागतात असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमच्या घरात गंज न बोलावता येतो आणि आला की राहायलाच येतो. खिडकीची जाळी, गॅसची ट्रॉली, कपाटाच्या बिजागऱ्या, बादलीची कडी, सगळं त्याच्या ताब्यात आहे. माझ्या सायकलीत आता सायकल किती आणि गंज किती, हे सांगणं कठीण आहे. त्यामुळे आमच्या कन्येनं, म्हणजे आठवीतल्या स्पृहानं, ‘घरगुती पदार्थांनी लोखंडाचे गंजण्यापासून रक्षण होते का?’ हा विज्ञान प्रकल्पाचा विषय घेतला तेव्हा मला आनंदच झाला. म्हटलं, निदान ह्या विषयात घराण्याला अनुभव आहे.

पण आनंदाबरोबर अटही आली. “बाबा, तू फक्त बघायचं. हात लावायचा नाही.”

ह्या अटीमागे गेल्या वर्षीचं धरण होतं. गेल्या वर्षी तिच्या प्रकल्पासाठी मी पुठ्ठ्याचं जलविद्युत धरण केलं होतं. उघडणारे दरवाजे, निळ्या जिलेटीन कागदाचं पाणी, खालच्या गावात पेटणारे बारा दिवे. गावात एक म्हैसही होती, विजेशी तिचा संबंध नसला तरी. परीक्षक बाईंनी स्पृहाला विचारलं, “टर्बाइन कशानं फिरतं?” ती गप्प. मी दाराबाहेर उभा होतो. मला राहवलं नाही, मी तिथूनच उत्तर दिलं. दुसऱ्या प्रश्नालाही दिलं. तिसऱ्या प्रश्नाला बाईंनी तिच्याकडे बघणंच सोडलं, आणि शेरा लिहिला, ‘पालकांचा सहभाग उत्तम.’ मी तो शेरा फ्रेम करून घ्यायच्या विचारात होतो. स्पृहा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, “बाबा, वर्गात मला धरणवाल्यांची मुलगी म्हणतात. धरण मी बांधलंच नाही, हे सगळ्यांना माहितीये.” मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर त्यातल्या पहिल्या वाक्यानं जरा बरंही वाटलं होतं, पण ते मी कुणाला बोललो नाही.

तर ह्या वर्षी तिनं आपलं आपण करून दाखवायचं होतं आणि मी हाताची घडी घालून बसून दाखवायचं होतं. दोघांपैकी कठीण पेपर कुणाचा होता, ते पुढे कळलंच.

मला एकच काम मिळालं, खिळे आणायचं. निघताना अनुजा, म्हणजे माझी बायको, सवयीनं म्हणाली, “शंतनु, आणशील ते चांगल्यातले आण.” आमच्या घरात सगळंच चांगल्यातलं आणायचं असतं. परवडणारं आणि चांगल्यातलं, ह्या दोन टोकांमध्ये आमचं आयुष्य चाललंय. मी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन चांगल्यातले आठ खिळे मागितले आणि शेठनी चकचकीत आठ खिळे मोजून दिले. स्पृहानं ते हातात घेतले आणि परत माझ्या हातात ठेवले.

“बाबा, ह्यांच्यावर जस्ताचा थर आहे. हे गंजणारच नाहीत.”

मी परत गेलो. “शेठ, जरा लवकर गंजतील असे द्या ना.”

शेठनी चष्मा काढला. “साहेब, चाळीस वरस झाले धंद्याला. असा कोणी बोलला नाय आजपर्यंत.”

मी प्रकल्प वगैरे समजावून सांगितला. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही तो ऐकला आणि माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. शेवटी शेठनी मागच्या एका डब्यातून साधे लोखंडी खिळे काढले, आठाच्या जागी नऊ कागदात बांधले आणि हळूच म्हणाले, “पण कुठून घेतले ते शाळेत सांगू नका.”

मग जागेचा प्रश्न आला. आमची जुनी चाळ पाडून तिथं बावीस मजली इमारत झाली आणि आम्ही नवव्या मजल्यावर गेलो. लिफ्ट आली, इंटरकॉम आला, पण माणसं तीच असल्यामुळे दारं अजून दिवसभर उघडी असतात आणि पॅसेजला सगळे गॅलरीच म्हणतात. खिळ्यांना मोकळी हवा हवी, म्हणून स्पृहानं पॅसेजच्या कठड्यालगतची जागा निवडली. पण पॅसेज पडला सामाईक. सोसायटीचे सेक्रेटरी राजारामभाऊ म्हणाले, “अर्ज द्या. तीन प्रतीत.”

अर्जात ‘कारण’ ह्या रकान्यात स्पृहानं खरं ते लिहिलं, ‘गंज आणणे.’ राजारामभाऊंनी ते वाचलं आणि आजूबाजूला पाहिलं.

“शंतनुराव, इथं स्ट्रक्चरल ऑडिटवाले येऊन जातायत आणि तुम्ही लेखी देताय की नवव्या मजल्यावर गंज आणणार? हे रेकॉर्डला जाईल हो!”

मी ‘लोखंडाच्या नैसर्गिक स्थितीचे शैक्षणिक निरीक्षण’ असा मजकूर सुचवला. विमा कंपनीत अठरा वर्षं लोकांचे क्लेम सभ्य भाषेत नाकारण्याची पत्रं लिहिली, त्याचा घराला झालेला हा पहिला उपयोग. स्पृहानं माझ्याकडे रोखून पाहिलं, पण मी म्हटलं, हा हात लावणं नव्हे, हा नुसता मसुदा आहे. परवानगी मिळाली. अटी दोन. तेल, तूप आणि मेण ज्वलनशील असल्यामुळे शेजारी वाळूची बादली ठेवावी आणि सेक्रेटरी रोज जातीनं पाहणी करतील. चमचाभर तुपासाठी तळमजल्यावरून वाळूची बादली मी आणली. बादली गंजलेली होती.

स्पृहानं मात्र काम फार नेटकं केलं. आठही खिळे पॉलिश पेपरनं घासले, धुतले, पुसले. बरण्यांच्या आठ झाकणांत ओला कापूस पसरला आणि त्यावर एकेक खिळा आडवा ठेवला. पहिल्याला खोबरेल तेल, दुसऱ्याला साजूक तूप, तिसऱ्याला व्हॅसलिन, चौथ्याला मेणबत्तीचं मेण, पाचव्याला अनुजाचं नेलपॉलिश, सहाव्याला टूथपेस्ट, सातव्याला साबण. आठव्यासमोर चिठ्ठी लावली, ‘काहीही नाही.’ रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकावर मिठाच्या पाण्याचे पाच थेंब. आठ दिवस.

“ह्याला कंट्रोल म्हणतात,” आठव्याकडे बोट दाखवून ती म्हणाली. “हा गंजला पाहिजे. हा गंजला तरच बाकीच्यांना कशाचा फायदा झाला ते कळेल.”

मला कळलं. निदान डोक्याला कळलं.

पहिल्या दिवशी शेजारच्या राधाबाई बघायला आल्या. राधाबाई देवगडच्या. आमच्या जुन्या चाळीत बारसं असो की सत्यनारायण, पंगतीत वाढायला त्याच असत. कोणाच्या पानात काय कमी आहे हे त्यांना पानाकडे न बघताही समजतं. त्यांनी ती रांग डावीकडून उजवीकडे पाहिली आणि आठव्यापाशी थांबल्या.

“ह्यां काय गो बाय? सगळ्यांका तेल-तूप वाढलंस आणि ह्याकाच कित्याक उपाशी ठेवलंस?”

“आजी, तो उपाशीच ठेवायचाय. प्रयोग आहे.”

“परयोग आसात गो. पण एका पंगतीत बसवल्यावर असो दुजाभाव करूचो नाय. पाप लागता.”

स्पृहानं पुन्हा समजावलं. राधाबाईंनी “बरां, बरां” म्हणून मान हलवली. ही मान त्या डॉक्टरांसमोरही अशीच हलवतात आणि घरी येऊन मिठाचं लोणचं खातात, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं.

मग समोरचे भिवाकाका आले. ते परळच्या रेल्वे वर्कशॉपातून फिटर म्हणून रिटायर झाले. त्यांच्या हातातून उभ्या हयातीत एकही नट कोरडा गेला नसेल. त्यांनी बराच वेळ आठवा खिळा न्याहाळला.

“उघडं लोखंड असं ओल्यात टाकलेलं मला बघवत नाय, शंतनु. आमच्या वर्कशॉपात कुणी असं केलं असतं ना, तर साहेबानं मेमो दिला असता.”

“काका, शाळेचं आहे.”

“शाळेचं असू दे. लोखंड तर खरं आहे ना?”

 

दोन दिवस सल्ले येत राहिले. कुणी म्हणालं एरंडेल लाव, कुणी म्हणालं कोकमाचं तेल, सातव्या मजल्यावरून एकानं व्हॉट्सॲपवर नुसताच हात जोडल्याचा फोटो पाठवला. तुपाच्या खिळ्याला मुंग्या लागल्या. त्या पाहून राजारामभाऊंनी पाहणीच्या वहीत ‘जीवजंतूंचा प्रादुर्भाव’ अशी नोंद केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठव्या खिळ्यावर नारिंगी ठिपका दिसला, तिळाएवढा. स्पृहा शाळेत गेली होती. मी अंघोळ करून डोक्याला तेल लावत पॅसेजमध्ये उभा होतो. सात खिळे आपापलं लेऊन झोपले होते आणि हा एकटा मिठाच्या पाण्यात पडला होता. मला धरण आठवलं. वर्गात सगळ्यांसमोर उत्तर न सुचून उभी राहिलेली स्पृहा आठवली. कशाचा कशाशी काय संबंध, पण बापाच्या मनाला तर्कशास्त्र शिकवलेलं नसतं. तेलाचं बोट डोक्याकडे जाता जाता वाटेत खिळ्याला लागलं. लागलं म्हणजे, मी लावलं. हलकेच, सगळीकडून. कुणी पाहिलं नव्हतं. मी आत येऊन भांग पाडला आणि ऑफिसला गेलो. एका बोटानं काय होतंय, असं दिवसभर स्वतःला सांगत राहिलो. चोराच्या मनात चांदणं.

चौथ्या दिवशी ठिपका वाढला नाही. पाचव्या दिवशी तो दिसेना. स्पृहा रोज भिंग घेऊन बसायची, लिहायची, खोडायची. सहाव्या दिवशी साबणाचा खिळा तांबूस झाला, सातव्या दिवशी टूथपेस्टचा. आठव्या दिवशी संध्याकाळी तिनं सगळी झाकणं ओळीनं टेबलावर मांडली. तेल, तूप, व्हॅसलिन, मेण, नेलपॉलिश हे पाच खिळे बऱ्या अवस्थेत होते. साबण आणि टूथपेस्टनं हात टेकले होते. आणि ‘काहीही नाही’ हा खिळा आठांमध्ये सगळ्यात जास्त चमकत होता.

ह्याचा अर्थ सरळ होता. लोखंड टिकवायचं तर त्याला काहीही लावू नये. तसं वहीत लिहून दुसऱ्या दिवशी बाईंना द्यायचं होतं.

 स्पृहानं आपल्या नोंदी पहिल्यापासून तपासल्या, थेंब मोजल्याच्या खुणा तपासल्या. मग वही मिटली.

“माझंच काहीतरी चुकलं असेल. चिठ्ठ्या बदलल्या असतील माझ्या हातून.” तिचा आवाज बारीक झाला. “बाबा, तूच करून दे. मला नाही जमत असलं.”

गेल्या वर्षी हे वाक्य ऐकायला मी कान टवकारून बसलो होतो. तिनं ते म्हणावं म्हणून मी गोंद, कात्री, पुठ्ठा घेऊन तयारीत होतो, आणि ती म्हणायच्या आतच सुरू झालो होतो. आज ती स्वतःहून म्हणाली आणि मला ते ऐकवेना. पोरीनं एकही चूक केली नव्हती. आठ दिवस घड्याळ लावून थेंब घातले होते. आणि आता ती मान खाली घालून बसली होती, का, तर माझ्या हाताला खाज होती म्हणून.

“स्पृहा, मी लावलं त्याला तेल,” मी म्हटलं. “तिसऱ्या दिवशी. एकच बोट.”

तिनं वर पाहिलं. मला वाटलं ती ओरडेल. स्वयंपाकघरातून अनुजाही हातात झारा घेऊन दारात आली. पण स्पृहानं खिळा उचलला, नाकाशी नेला आणि पुन्हा हुंगला.

“बाबा, ह्याला तुपाचा वास येतोय.”

“मी तूप नाही लावलं. शपथ.”

“आणि हे काळं काय आहे? हे तर मशीनचं तेल आहे.”

तिच्या डोळ्यांतलं पाणी कुठल्या कुठे गेलं. तिनं वही उचलली, नवं पान काढलं आणि ती पॅसेजमध्ये निघाली. मी मागे. दारं उघडीच होती.

राधाबाईंना लपवाछपवी माहीतच नाही. “वायच तूप लावलंय गो. डाग दिसलो तेवापासून रोज. किती, तर नखाएवढा. लेकरू उपाशी रवलेला माझ्यान नाय बघवणा.”

भिवाकाकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “मी काय लावलं नाय. फक्त पुसला.”

“कशानं पुसला, आजोबा?”

“फडक्यानं.” त्यांनी टीव्ही बंदच केला. “फडक्याला ऑइल असतंच ना आता. फिटरचं फडकं आहे.”

एवढ्यात राजारामभाऊ पाहणीला आले आणि वही पाहून मागच्या मागे वळू लागले. स्पृहानं त्यांना गाठलं. ते कठड्याला टेकून घसा खाकरत म्हणाले, “बाळ, तिसऱ्या दिवशी त्याला डाग दिसला. मी सेक्रेटरी आहे. सोसायटीच्या हद्दीत गंज लागला अशी नोंद माझ्या सहीनं कशी करू? मग गेटच्या कुलपाला मारतो तो स्प्रे... दोनदाच मारला. सकाळ-संध्याकाळ.”

“रोज दोनदा?”

“नियमाप्रमाणे.”

थोडक्यात, ज्या खिळ्याला काहीही लावायचं नव्हतं त्याच्या अंगावर खोबरेल, साजूक तूप, वर्कशॉपचं ऑइल आणि कुलपाचा स्प्रे, असे चार थर होते. नवव्या मजल्यावर त्याच्याइतकी बडदास्त कुणाची झाली नसेल. स्पृहानं सगळं लिहून घेतलं. नाव, पदार्थ, वेळ, कारण. माझंही घेतलं. कारणाच्या रकान्यात मी काय सांगू म्हणून अडलो, तेव्हा तिनं स्वतःच लिहिलं, ‘राहवले नाही.’

दुसऱ्या दिवशी तिनं ती वही जशीच्या तशी अक्षता बाईंना दिली. ह्या तिच्या विज्ञानाच्या बाई. मला चिठ्ठी पाठवून बोलावण्यात आलं, आणि वर्गाबाहेरच्या बाकावर मी मुलांच्या रांगेत बसलो. बाईंनी वही माझ्यापुढे धरली.

“हे तेल तुम्हीच लावलंत ना?”

“हो बाई.” मी ‘मॅडम’ म्हणायच्या तयारीनं गेलो होतो, पण तोंडून ‘बाई’च निघालं.

“बोट एकच होतं?”

“एकच.”

बाई हसू आवरत म्हणाल्या, “स्पृहाच्या नोंदी उत्तम आहेत. फक्त कंट्रोल नाही. दहा दिवसांची मुदत देते. साधा खिळा, तेवढेच थेंब, तितकेच दिवस. आणि ह्या मंडळींपासून लांब.”

घरी आल्यावर स्पृहानं उरलेला एक खिळा घासला, धुतला, ओल्या कापसावर ठेवला आणि ते झाकण माझ्या हातात दिलं.

“हा तू सांभाळायचा. थेंबसुद्धा तूच घालायचे.”

“मी?” मला खरंच कळेना. “माझ्यावर कसा विश्वास ठेवतेस?”

“तू न विचारता सांगितलंस. बाकीच्यांना मी पकडलं.”

ते आठ दिवस मी विसरणार नाही. खिळा बैठकीच्या खोलीतल्या खिडकीत होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून डोक्याला तेल लावत होतो. राधाबाई वाटी घेऊन दोनदा आल्या, दोनदा मी त्यांना परत पाठवलं. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “काळीज हा की धोंडो रे तुझा?” भिवाकाका रोज दारातून विचारायचे, “अजून उघडाच ना?” आणि सुस्कारा सोडून जायचे. राजारामभाऊंनी घराच्या आतला गंज आपल्या अखत्यारीत येत नाही असं कळवलं आणि ते निश्चिंत झाले. सकाळी पाच थेंब, संध्याकाळी पाच थेंब. तिसऱ्या दिवशी तिळाएवढा ठिपका आला. पाचव्या दिवशी तो पसरला. माझे हात शिवशिवत होते. मी ते खिशात घातले. काही करायला जितका त्रास होतो त्याच्या दुप्पट त्रास काही न करायला होतो, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी एका खिळ्यानं शिकवलं.

आठव्या दिवशी स्पृहानं तो उचलला. टोकापासून डोक्यापर्यंत तांबडा झाला होता, बोटाला चुरा लागत होता. तिनं तो उजेडात फिरवून पाहिला.

“छान गंजलाय, बाबा.”

तिनं निष्कर्ष लिहिला, एकटीनं, खोलीचं दार लावून. सकाळी मला वही दाखवली. शेवटच्या पानावर आभार होते. आधी बाईंचे. मग राधाबाई, भिवाकाका आणि राजारामभाऊंचे, ‘प्रयोग पुन्हा का करावा लागतो हे शिकवल्याबद्दल.’ आणि सगळ्यांत खाली, तिच्या गोल अक्षरात:

‘माझ्या बाबांचे विशेष आभार. त्यांनी आठ दिवस काहीही केले नाही.’

मी ते दोनदा वाचलं आणि तिच्यासमोरच डोळे पुसले. अनुजानंही वाचलं आणि म्हणाली, “बाई प्रश्न विचारतील तेव्हा आज दाराबाहेर उभा राहू नकोस.”

मी नाही उभा राहिलो. खाली शाळेच्या गेटपाशी थांबलो. अर्ध्या तासानं स्पृहा जिना उतरून एकटीच आली आणि चालता चालता मला सगळे प्रश्न सांगत गेली, आणि आपण दिलेली सगळी उत्तरं. त्यातलं एक मला येत नव्हतं.